विश्लेषण : जोरात धावताना स्मार्टवॉचवरचे ठोके का चुकतात?

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावायला जाणारे असोत, की सांगलीच्या छत्रपती शिवाजी क्रीडांगणावर पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारे तरुण; बहुतेकांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच दिसते. दीड-दोन हजार रुपयांच्या घड्याळापासून पन्नास हजारांच्या स्पोर्ट्स वॉचपर्यंत प्रत्येक पडद्यावर हृदयाचे ठोके झळकतात. त्या आकड्याकडे पाहून कोणी वेग वाढवतो, कोणी घाबरून थांबतो. पण खुर्चीत बसलेले असताना बऱ्यापैकी अचूक असणारा हा आकडा, शरीर सर्वाधिक ताणाखाली असते नेमक्या त्याच वेळी सर्वात कमी भरवशाचा असतो. असे का होते? तो कधी मानावा आणि कधी मानू नये?

घड्याळ ठोके मोजते कसे?

घड्याळाला हृदय ऐकू येत नाही. ते फक्त मनगटातले रक्त ‘पाहते’. घड्याळाच्या पाठीवर हिरवे एलईडी दिवे आणि प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटात रक्ताची एक लाट येते. त्या क्षणी जास्त प्रकाश शोषला जातो आणि सेन्सरकडे कमी परत येतो. लाट ओसरली की परत येणारा प्रकाश वाढतो. हा चढउतार मोजून घड्याळ मिनिटाला किती ठोके पडले ते ठरवते. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी किंवा थोडक्यात ‘पीपीजी’ म्हणतात. तिचा पाया १९३० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी घातला. रुग्णालयात बोटाला लावला जाणारा ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो.

अडचण अशी, की परत येणाऱ्या प्रकाशातला ठोक्यामुळे बदलणारा भाग फार छोटा असतो. मनगटावर तो साधारण एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी भरतो. उरलेला सगळा प्रकाश त्वचा, स्नायू, हाड आणि स्थिर रक्त यांतून परतलेला असतो. म्हणजे घड्याळाला मोठ्या गोंगाटातून एक बारीक आवाज वेगळा काढायचा असतो.

शरीर स्थिर असेल तर?

मग हे तंत्र कमालीचे चांगले चालते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके थेट टीव्हीच्या पडद्यावर दाखवले गेले. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरला होता. खेळाडूंच्या अंगाला ठोके मोजणारे कोणतेही यंत्र लावलेले नव्हते. काही अंतरावरचे कॅमेरे चेहऱ्याच्या त्वचेच्या रंगातील अतिसूक्ष्म बदल टिपत होते आणि त्यावरून ठोके काढले जात होते.

नेम धरलेला तिरंदाज जवळजवळ पुतळ्यासारखा उभा असतो, म्हणून कॅमेऱ्याला दुरूनही ठोके दिसतात. धावणाऱ्याच्या त्वचेला घड्याळ चिकटलेले असूनही त्याला ते नीट दिसत नाहीत. फरक अंतराचा नसून हालचालीचा आहे.

धावताना नेमके काय बिघडते?

पाऊल जमिनीवर आदळले की धक्का हातापर्यंत पोहोचतो. घड्याळ त्वचेवर किंचित सरकते. सेन्सर आणि त्वचा यांच्यामध्ये फट पडते आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. हाताच्या झोक्याबरोबर मनगटातले रक्तही मागेपुढे हलते. मूठ आवळली की स्नायुबंध सेन्सरखालून सरकतात. या प्रत्येक गोष्टीमुळे परत येणारा प्रकाश बदलतो आणि हा बदल ठोक्यामुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी पट मोठा असू शकतो.

थंडीत आणखी एक भर पडते. गार वाऱ्यात शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. मनगटात रक्त कमी येते आणि आधीच बारीक असलेला संकेत आणखी क्षीण होतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धावायला सुरुवात केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे आकडा वेडावाकडा उडतो, त्याचे हे एक प्रमुख कारण.

घड्याळ पावलांना ठोके का समजते?

गोंगाट वेगळ्या वेगाचा असेल तर तो गाळता येतो. माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते २४० च्या दरम्यान असतात, म्हणून घड्याळ या पट्ट्याबाहेरचे बदल टाकून देते. पण धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. जोरात धावताना ठोकेही १५० ते १८० च्या घरात असतात. म्हणजे खरा संकेत आणि गोंगाट दोन्ही एकाच पट्ट्यात येतात आणि साध्या गाळणीला त्यांतला फरक कळत नाही.

त्यातही पावलांचा ताल ठोक्यांपेक्षा नियमित आणि जोरकस असतो. घड्याळाचे सॉफ्टवेअर सर्वात ठळक ताल शोधते आणि त्याला पाऊलच सापडते. धावपटूंच्या भाषेत याला ‘केडन्स लॉक’ म्हणतात. केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावले.

याचा उलटा प्रकारही घडतो. दोन पावलांमागे हाताचा एक पूर्ण झोका होतो. पावले १७० असतील तर झोके ८५ असतात. सॉफ्टवेअरने झोक्यांचा ताल पकडला, तर छातीत भाता चाललेला असताना पडद्यावर निवांत ८५ दिसू शकतात.

घाटात काय होते?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग हे समजून घ्यायला उत्तम आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याबद्दल गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा २,६१८ धावपटू सहभागी होते. शहरातून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा हा २१ किलोमीटरचा मार्ग. म्हणजे ढोबळमानाने अर्धी शर्यत चढ आणि अर्धी उतार.

चढावर वेग कमी होतो आणि पावले आखूड पडतात, पण हृदयावरचा ताण वाढत जातो. समजा, पावले १६५ आहेत आणि ठोकेही १६५ वर पोहोचले. आता दोन्ही ताल एकमेकांवर बसले. घड्याळ बरोबर आकडा दाखवेल, पण तो कशावरून काढला हे त्यालाही सांगता येणार नाही.

खरी परीक्षा उतारावर होते. तिथे दम खाली बसतो आणि ठोके, समजा, १४५ पर्यंत उतरतात. पाय मात्र पटपट पडू लागतात, पावले १७५ होतात. धक्केही जास्त जोरात बसतात. चढावर पावलांना चिकटलेले घड्याळ आता पावलांबरोबरच वर जाते आणि १७५ दाखवते. विसावत चाललेल्या हृदयाचा आकडा पडद्यावर चढत जातो. पावसाळ्याअखेर होणाऱ्या या शर्यतीत धुके आणि पाऊसही असतो. पट्ट्याखाली पाणी शिरले, घड्याळ निसटू लागले की चूक आणखी वाढते.

सांगलीच्या मैदानावर अडचण वेगळी का?

सपाट मैदानावर छोट्या अंतराचा जोरकस सराव करणाऱ्यांना दुसराच अनुभव येतो. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. ही धाव काही मिनिटांत संपते. त्यासाठी ४०० मीटर जोरात, मग थोडी विश्रांती, पुन्हा ४०० मीटर असा सराव केला जातो. यात ठोके अर्ध्या मिनिटात झपकन चढतात आणि तसेच उतरतात. घड्याळ मात्र आकडा उड्या मारू नये म्हणून गेल्या काही सेकंदांची सरासरी काढून दाखवते. त्यामुळे फेरी संपून मुलगा गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो, तेव्हा कुठे घड्याळावर सर्वाधिक आकडा उमटतो. एक मिनिटाच्या फेरीत वीस सेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ सगळी नोंदच सरकलेली.

उन्हाळ्यात मात्र घड्याळाला उगाच दोष दिला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच वेगाने धावूनही ठोके नेहमीपेक्षा दहा-पंधराने जास्त दिसतात. हा बिघाड नाही. घामावाटे पाणी कमी होते आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, म्हणून हृदय खरोखरच वेगाने धडधडते. असा आकडा खरा मानून वेग कमी करणे आणि पाणी पिणे हेच शहाणपणाचे.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ज्या खेळात रौप्यपदक मिळवले, त्या वेटलिफ्टिंगमध्ये अडचण आणखी वेगळी. दांडा घट्ट धरला की पुढच्या हाताचे स्नायू ताठरतात, मनगट मागे वाकते आणि त्वचेजवळचा रक्तप्रवाह दबतो. जिममध्ये वजन उचलतानाचे मनगटी आकडे म्हणूनच फारसे मनावर घेऊ नयेत. खडबडीत रस्त्यावर हँडल घट्ट धरणाऱ्या सायकलस्वारांचेही तेच. कुस्ती आणि कबड्डीत तर मनगटावर घड्याळ ठेवून उतरताच येत नाही.

कंपन्यांकडे यावर उपाय नाही का?

आहे, पण पुरता नाही. प्रत्येक स्मार्टवॉचमध्ये हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर असतो. हात कोणत्या तालावर हलतो आहे हे त्यावरून कळते. मग प्रकाशाच्या संकेतातून तेवढा ताल वजा केला जातो. अभियंत्यांसाठी हा चांगलाच अवघड प्रश्न आहे. २०१५ मध्ये ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या सिग्नल प्रोसेसिंग स्पर्धेचा विषयच ‘व्यायाम करताना मनगटावरून ठोके मोजणे’ हा होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉयका’ या पद्धतीने ताशी १५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावणाऱ्या १२ जणांच्या नोंदींवर सरासरी चूक २.३४ ठोक्यांपर्यंत खाली आणली होती.

पण ते ट्रेडमिलवरचे प्रयोग होते. डांबरी घाट, पाऊस, सैल पट्टा आणि दिवसभर पुरवायची छोटी बॅटरी हे प्रयोगशाळेत नसते. शिवाय ठोके आणि पावले एकाच तालावर आली, तर पावले वजा करताना ठोकेही पुसले जातात. त्यातून अनेक घड्याळे संकेत किती स्वच्छ आहे हे वापरणाऱ्याला सांगत नाहीत. काही घड्याळे संकेत खराब झाला की आकड्याऐवजी रेघा दाखवतात. तो बिघाड वाटतो, पण खरे तर तो प्रामाणिकपणा असतो. संकेत हरवला तरी अंदाजाने आकडा दाखवत राहणारे घड्याळ जास्त फसवे.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ५० निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर चालवून-पळवून मनगटी घड्याळे आणि छातीचा पट्टा यांची ईसीजीशी तुलना केली. छातीचा पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला. घड्याळे विश्रांतीत बरी ठरली, पण व्यायामाचा जोर वाढला तशी त्यांची अचूकता घटली. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० जणांवर सात उपकरणे तपासली. त्यांतील सहांची ठोके मोजण्यातली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण जळालेल्या कॅलरींचा हिशेब सगळ्यांचाच फसला. सर्वात बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते, सर्वात वाईट ९३ टक्क्यांनी. ‘आज ६०० कॅलरी जाळल्या’ म्हणून वडापाव खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सावळ्या त्वचेवर घड्याळ चुकते का, हा आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्वचेतील मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे शंका रास्त आहे. मात्र ड्यूक विद्यापीठाने २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या ५३ जणांवर केलेल्या अभ्यासात त्वचेच्या रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. हालचालीमुळे मात्र आढळला. विश्रांतीच्या तुलनेत हालचाल करताना चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. सेन्सरखाली गडद टॅटू असेल तर मात्र संकेत अडू शकतो.

छातीचा पट्टा जास्त अचूक का?

कारण तो रक्त पाहत नाही, विद्युत संकेत टिपतो. प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. ईसीजीत दिसणारे टोकदार शिखर ते हेच. पट्ट्यातले इलेक्ट्रोड ही शिखरे मोजतात. फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८२ मध्ये असा बिनतारी पट्टा बाजारात आणला आणि धावपटूंच्या सरावात ठोक्यांचा हिशेब शिरला.

पट्ट्यालाही मर्यादा आहेत. कोरड्या त्वचेवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही, म्हणून घाम येण्याआधी आकडे उडतात. सैल पट्टा, कृत्रिम धाग्याच्या बनियनचे घर्षण आणि संपत आलेली बॅटरी यांमुळेही तो चुकतो. पण पावलांच्या तालाला तो सहसा फसत नाही. ज्यांना छातीवर पट्टा नकोसा वाटतो, त्यांच्यासाठी दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा सेन्सर हा मधला मार्ग. तिथे मांस जास्त आणि हालचाल कमी, त्यामुळे संकेत मनगटापेक्षा स्वच्छ मिळतो.

चुकलेल्या आकड्याने काय बिघडते?

चूक दोन्ही दिशांनी महागात पडू शकते. आकडा खोटाच वर गेला तर निरोगी माणूस घाबरतो, सराव सोडतो, नको त्या तपासण्यांमागे लागतो. आकडा खोटाच खाली राहिला तर धोका मोठा. छातीत दडपण आलेले असतानाही ‘घड्याळात तर १२० च आहेत’ म्हणून माणूस पळत राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये साताऱ्याच्या याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला होता. तंदुरुस्त दिसणाऱ्या शरीरातही हृदयाचा आजार लपलेला असू शकतो आणि तो मनगटावरच्या आकड्यात दिसत नाही. घड्याळ फक्त ठोक्यांचा वेग सांगते, रक्तवाहिनीतील अडथळा सांगत नाही. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळातही अर्धा मिनिट स्थिर बसावे लागते, आणि हृदयविकाराचा झटका त्यातून ओळखता येत नाही असे कंपन्याच सांगतात.

शिवाय ज्या कमाल मर्यादेशी आपण आकडा ताडून पाहतो, तीही ढोबळच. ‘२२० वजा वय’ हे सूत्र ६० वर्षांच्या माणसाला १६० ची मर्यादा देते. २००१ मध्ये मांडलेले ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र त्यालाच १६६ देते. दोन्ही फक्त सरासरी आहेत. व्यक्तीनुसार दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके तर औषधानेच कमी राहतात. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

मग वापरणाऱ्याने काय करावे?

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या एक-दोन बोटे वर, कोपराच्या बाजूला बांधावे. सरकणार नाही इतके घट्ट, पण हात बधिर होणार नाही इतके सैल. घाम आणि सनस्क्रीनचा थर साचू नये म्हणून सेन्सर अधूनमधून पुसावा. धावण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करावे, म्हणजे मनगटात रक्त येते. घड्याळात धावणे, सायकल, जिम यांपैकी योग्य पर्याय निवडावा. छातीचा पट्टा असेल तर बांधण्यापूर्वी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करावेत.

आकड्याची शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. धावण्याची लय तीच ठेवून घड्याळाचा हात काही क्षण छातीशी स्थिर धरावा, किंवा पावलांची लय मुद्दाम बदलावी. आकडा लगेच तीस-चाळीसने कोसळला, किंवा पावलांबरोबर बदलला, तर तो पावलांचाच होता. खरे हृदय चालू धावेत दोन-तीन सेकंदांत एवढे खाली येत नाही. घरी आल्यावर ॲपमध्ये ठोक्यांचा आणि पावलांचा आलेख एकाखाली एक ठेवून पाहावा. दोन्ही रेषा हातात हात घालून चालत असतील तर त्या दिवसाची नोंद सोडून द्यावी.

सर्वात जुने यंत्र आपल्या बोटांत आहे. थांबताक्षणी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजावी आणि चारने गुणावे. उशीर करू नये, कारण थांबल्यावर पहिल्या मिनिटातच ठोके झपाट्याने उतरतात. धावताना बोलण्याची कसोटीही उपयोगी. पूर्ण वाक्य बोलता आले तर जोर मध्यम, दोन-चार शब्दांवर अडखळले तर जोर जास्त.

थांबायचे कधी?

छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, गार घाम, छातीत अनियमित धडधड. यांपैकी काहीही झाले तर घड्याळाकडे न पाहता थांबावे, सोबतच्या व्यक्तीला सांगावे आणि १०८ वर फोन करावा. पस्तिशी ओलांडल्यावर प्रथमच मोठ्या अंतराकडे वळणाऱ्यांनी, तसेच घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी नोंदणी शुल्क भरण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. विश्रांतीतही घड्याळ वारंवार असाधारण आकडा दाखवत असेल, तर ती नोंद जपून ठेवावी आणि रुग्णालयात रीतसर ईसीजी काढावा. अशा वेळी घड्याळाचे काम डॉक्टरांचे दार दाखवण्यापुरतेच. निदान त्या दारापलीकडेच होते.